बोर्डावरचं लाल बोट

“तुझ्या कुंकवानं माझं वाटोळं केलं, बसम्मा,” असं रुद्रय्या स्वामी आपल्या बायकोला एकदाच म्हणाला. ओरडून नाही. जेवायला बसून, भाकरी मोडता मोडता.

उभा जन्म त्यानं शाहूपुरीतल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. छापखाना बंद पडल्यावर त्यानं कॉम्प्युटर घेतला आणि पुढच्या खोलीत लग्नपत्रिका करायला बसला. दोन बोटांनी टाइप करायचा. घर त्या दोन बोटांवर चालायचं.

२००३ च्या खंडेनवमीला त्यानं कॉम्प्युटरची पूजा मांडली. छापखान्यात पूजा यंत्राच्या झाकणाची नसे, खिळ्यांची असे. तीच सवय. म्हणून त्यानं डबा उघडला आणि बसम्मानं आतल्या हिरव्या बोर्डावर कुंकवाचं बोट टेकवलं. त्यानंतर कॉम्प्युटर कैक महिने नीट चालला.

मग नवी हार्ड डिस्क बसवली, ती ओळखेना. कंपनीच्या नंबरावरची मुलगी हिंदीतून म्हणाली, बायॉस नवा करून घ्या. बायॉस म्हणजे कॉम्प्युटरला जाग आणणारी अक्षरं, बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेली. रुद्रय्यानं नेट कॅफेतून फ्लॉपी आणून घातली. जुनी अक्षरं पुसून झाली होती, नवी अर्धीच उतरली होती, तेवढ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा पंखा तेवढा फिरला. पडदा काळाच राहिला.

पुन्हा फोन केला. या वेळची मुलगी म्हणाली, असं करायला आम्ही कुणाला सांगतच नाही. त्यानंतरच्या माणसानं नाव विचारलं, नंबर विचारला आणि गाणं लावून निघून गेला.

राजारामपुरीत हंबीररावाकडं कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं. बोर्ड तिथून पुण्याला गेला. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकं आपापले मजकूर परत मागून घेऊन गेली. बोर्ड आला तो चिठ्ठीसकट. मेकॅनिक गुंडूनं ती भरल्या दुकानात वाचली.

“बोर्डावर लाल पदार्थ सापडला. वॉरंटी रद्द. काय वो स्वामी, बोर्डाचं लगीन लावलासा काय?”

“खंडेनवमीची पूजा केलती.”

“आन् अक्षता? टाकल्या न्हाईसा व्हय?”

दुकान हसलं. रुद्रय्याही हसला. न हसता तिथं उभं राहायला जागाच नव्हती.

त्याच दुपारी तो भाकरी मोडता मोडता ते वाक्य बोलला. बसम्मानं हातातली पळी पातेल्यात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून कुंकू लावताना ती दार आतून लावून घेऊ लागली.

दाराची कडी रोज सकाळी वाजायची आणि रुद्रय्या ती ऐकायचा. बोललेलं मागं घ्यावं असं त्याला वाटे, पण रिकाम्या हातानं जीभ उचलेना. बोर्ड सुरू होऊन येऊ दे, मग बोलू. जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन त्यानं बोर्ड घासला. सगळी लाली गेली. तो पुन्हा हंबीररावाकडं देऊन आला.

पुण्याहून दुसरी चिठ्ठी आली. बोर्डावर साफसफाईच्या खुणा. वॉरंटी रद्द.

रुद्रय्या थेट हंबीररावासमोर जाऊन उभा राहिला. हंबीरराव वडापाव खात होता.

“आवो स्वामी, आता तुमच्यापाशी काय लपवायचं? पुण्यात ती चिप परत लिवायचं मशीनच न्हाय. बोर्ड आला की कायतरी कारण लावून माघारी धाडत्यात. एकाच्यात झुरळ घावलं, एकाच्यात वलावा. तुमच्यात कुंकू. ते नसतं तर धूळ घावली असती.”

“म्हंजे कुंकवानं कायबी झालं नव्हतं?”

“कुंकवानं काय हुतंय?”

“मग त्या दिवशीच का बोलला न्हाईसा?”

हंबीररावानं मिरची चावली. “तुमीबी हसत हुतासा की. म्हटलं, गड्यानं मनाला लावून घेतलेलं दिसत न्हाय.”

गुंडूनं बोर्ड काउंटरवरून पुढं सरकवला. “न्हेताय, का टाकू भंगारात?”

घासून घासून बोर्डाचा एक कोपरा पांढरा पडला होता. रुद्रय्यानं त्यावरून अंगठा फिरवला. मग बोर्ड तिथंच ठेवून, रिकाम्याच हातानं, तो दुकानाच्या पायऱ्या उतरून घराकडं गेला.