गेंदूसेठचं कुलूप

गेंदूसेठ गोदामाले कुलूप लावत तेव्हा डोळे घट्ट मिटून घेत. आंधळ्यावानी चाचपडत कडी शोधत, कुलूप अडकवत, किल्ली फिरवत, ते किल्ली कमरेच्या करदोड्याले बांधत, अन् मंगच डोळे उघडत. पहिल्यांदा पाह्यलं तं मले वाटलं, बिचाऱ्याले दिसत नाही का काय. तं म्हणे नाही, लोकाईच्या मालाले आपली नजर लागू नये म्हनून. "पराया माल, अपनी नजर. असं पाप आपल्याले नको," असं म्हणत. भाड्याच्या दिवशी मातर डोळे असे टकटक उघडे, का बाईच्या पदराची गाठ बी त्याहीले सडकेवरून दिसे.

गोंदियाच्या बाहेर, फुलचूरच्या वाटेवर त्याहीची गोदामं होती, एका रांगेत. कोनाचं धान, कोनाची लाख, कोनाचे मोहफुलं. लढाई चालू होती तवा आमी नवेगाव बांधाकडून इकडं आलो. हे, म्हंजे माह्या पोरीचे बाबा, जंगलातून तेंदूपत्ता आनत अन् बिडीवाल्याले विकत. पत्ता ओला झाला का सडते, लय वाळला का चुरा होते, म्हनून धड जागा पाह्यजे. सेठकडे गेलो.

सेठनं गोदाम दाखवलंच नाही, कुलूप दाखवलं. नारळाएवढं कुलूप. "हत्ती बांध याले, हत्ती मरन पन हे तुटनार नाही." हे दाराकडे पाहून राहिले होते, तं सेठ म्हणे, "दार काय पाहतेस गा? दार तं कुत्र्याच्या झोपडीले बी रायते. कुलूप पाय, कुलूप!"

मंग शर्त सांगितली. कागद नाही, काही नाही. "दिवसा गोदाम तुमचं, दिवा लागला का माहं. दिवा लागल्यावर कुलूप उघडलं तं लक्ष्मी भाईर जाते. माह्या बापानं उघडलं नाही, मी उघडत नाही." ह्याईच्या हातावर सुपारी ठेवली. "लो, हो गया सौदा."

वापस येता येता मी म्हटलं, "अवो, चौकटीले लाकूड खानारी उधई दिसून राहिली."

"तुले तं आपल्या सावलीचं बी भेव लागते," हे म्हणाले.

लागते ना. मी भित्रीच हाय, खोटं कायले सांगू.

मंग एक दिवस हे जंगलात गेले होते पत्ता आनाले. मी गोदामात. पत्ता कडक झाला होता, पानी शिपडाचं होतं. पोरगी अंगावर पिऊन बोऱ्यावर झोपली, मी म्हटलं झोपू दे, दार लोटलं अन् विहिरीवर गेली. विहिरीवर गर्दी, माहा नंबर येता येता दिवस बुडाला. पान्याचा गुंड भरून आली, पाहते तं काय, दाराले कुलूप.

गुंड कुठं पडला मले मालूम नाही. मी दाराले कान लावला, आवाज नाही, हाका मारल्या, आवाज नाही, मले उंदीर आठवले, मंग साप आठवला, मंग बोऱ्याची थप्पी आठवली का ते पोरीच्या अंगावर आली तं, अन् मी पळाली, पदर कुठं अन् मी कुठं, सडकेवरचे लोक पाहून राहिले, पाहू द्या.

सेठ नुकतेच जेवाले बसले होते.

"सेठजी, माही पोरगी आत राहिली! किल्ली द्या!"

सेठनं घास गिळला. "दिवा लागला ना बाई."

"पोरगी हाय, सेठजी! अंगावरची!"

"ऐकलं. मंग भेतेस काऊन? माह्या कुलपात हाय ना ते? आजवर माह्या गोदामातून एक दाना गेला नाही. सकाळी सूर्य निघाला का जशीच्या तशी घेऊन जा."

जशीच्या तशी! जसं काय धानाचं पोतं ठेवलं होतं मी.

सेठानीबाई चुलीपाशी होत्या. तवा आपटून म्हणाल्या, "उठता, का मीच तोडू तुमचा करदोडा?"

करदोडा मानूस मेल्यावरच तोडतात. सेठ हात न धुताच उठले.

कंदील घेऊन माह्या मागं मागं आले, रस्ताभर एकच, "बापानं नाही उघडलं, मी नाही उघडलं." गोदामाशी आलो तं आत पोरगी जागी झालेली, रडून रडून आवाज बसलेला. अन् सेठ किल्ली धरून उभे, डोळे मिटलेले, ओठ हालून राहिले.

"उघडा ना सेठजी!"

"थांब गा बाई. लक्ष्मीमातेले इचारून राहिलो. अजून हो म्हटलं नाही तिनं."

मी दोन्ही हातानं कडी धरली अन् वढली. कडी माह्या हातात आली. कडी, कोयंडा, कुलूप अन् हातभर चौकट. आतून सगळं लाकूड उधईनं खाल्लेलं, वरून निसता रंग. सारे भाडेकरू त्या कुलपाच्या भरोशावर झोपत होते!

पोरगी बोऱ्यावरून खाली पडलेली, मुठीत पत्त्याचा चुरा. छातीशी धरून मी तिथंच बसली.

सेठ कंदिलाच्या उजेडात कुलूप उलटून सुलटून पाहत होते. "अरे वा! कुलूप तं बंदच हाय! गेली नाही लक्ष्मी!" असे खुश झाले, जसं काय पोरगी त्याहीलेच सापडली. "चौकट मातर तू मोडली, ध्यानात ठेव." मंग गोदामाकडं तोंड केलं, डोळे मिटले, अन् हळूच इचारलं, "पोरगी बरी हाय ना?"

दुसऱ्या दिवसापासून सेठ कुलूप लावाच्या आंधी प्रत्येक दारात उभे राहत, डोळे मिटून ओरडत, "कोनी हाय का गा अंदर?" अन् थांबत. धान काय उत्तर देनार? तरी थांबत. भाडेकरू मागून नकला करत. पोरगी माह्या कडेवर बसून रोज ते ऐके.

पोरगी बोलाले लागली त्या साली सेठ गेले. आंगनात निजवलं होतं, डोळे मिटलेले. सारे भाडेकरू आले. करदोडा तोडला तं किल्ली खनकन खाली पडली. कोनी उचलेना. तेवढ्यात माह्या कडेवरून पोरगी सेठच्या मिटल्या डोळ्याकडं पाहून जोरानं ओरडली, "कोनी हाय का गा अंदर?"

बायाईनं पदर तोंडात कोंबले. सेठानीबाई हासल्या, अन् हासता हासता त्याहीले रडू फुटलं.

 पोरगी मातर, सेठ थांबत तशी, थांबून राहिली होती.