सोलवाल्याची बंद खिडकी

बुटांच्या कारखान्यात त्याला सगळे सोलवाला म्हणायचे. बुटाला तळ चिकटवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं! ब्रशने चिकटवायचं सोल्युशन लावणाऱ्यांना तो हसायचा. "भिंत रंगवताय की बूट करताय?" असं म्हणत स्वतः दोन बोटांनीच पसरायचा.

वारा लागला की सोल्युशनवर साय धरते आणि मग तळ सुटतो, म्हणून खिडकी कायम बंद. कुणी उघडली की हा खेकसलाच. त्या वासाने डोकं जड व्हायचं, पण त्याचं कुणाला काय! लग्नानंतर बायकोही त्याच टेबलाशी बसू लागली. तिलाही त्याने बोटांनीच लावायला शिकवलं.

मग एकदा भर रस्त्यात त्याची चप्पल पायातून निसटली आणि गडी तसाच चालत राहिला. मागून बायको चप्पल हातात घेऊन धावत आली.

"अहो, लक्ष कुठंय तुमचं?" ती हसत सुटली.

त्याला कसलं हसू येतंय! पाय जमिनीला टेकतोय हेच त्याला कळत नव्हतं.

आता हा शहाणा घाबरून दवाखान्यात गेला असेल? छे! सगळं अंगावर काढलं. जिना चढताना पाऊल लोंबायला लागलं, शर्टाचं बटण बायको लावून द्यायला लागली. शेवटी तिनेच दंडाला धरून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय ढिम्म हलला नाही. मग कामाबद्दल खोदून खोदून विचारलं, आणि खिडकीचं ऐकल्यावर कपाळाला हात लावला.

"अहो, त्या वासानंच तुमच्या नसा खाल्ल्यात. ते काम आजच्या आज सोडा. वेळ लागेल, पण पुष्कळ सुधारेल."

"आणि हिचं?" तो बायकोकडे वळला. "ही माझ्या शेजारीच बसते हो."

"मला काय धाड भरलीय!" बायको म्हणाली. "मी ठणठणीत आहे. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

"तुला माझी शपथ आहे. तपासून घे."

कुरकुरत ती खाटेवर आडवी झाली.

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पायाला टोचलं की सांगा."

त्यांनी अंगठ्याला टाचणी टोचली, मग तळव्याला. तो बायकोच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. ओरड गं, त्याचं मन म्हणत होतं, हवं तर शिव्या दे मला. टाचणी घोट्यापाशी आली. डॉक्टरीणबाईंनी आणखी जोर लावला.

बायकोने मिटल्या डोळ्यांनीच नाक मुरडलं.

"टोचा की लवकर, डॉक्टरबाई," ती म्हणाली, "घरी पोरं वाट बघतायत."