ऑर्फाबाईंचं पिस्तूल आणि लोणच्याची बरणी

आमच्या केंटकीच्या डोंगरात ऑर्फा टीगार्डनबाईंना वयाची आठवण करून द्यायची हिंमत फक्त त्यांच्या सांध्यांनाच होती. दोन नवरे त्यांनी दफनभूमीत पोचवले, तिसऱ्या उमेदवाराला चर्चच्या जेवणात त्यानं बाईंच्या बटाट्याच्या सॅलडला नाक मुरडलं म्हणून नापास केलं. पण संधिवातानं बोटं वाकडी झाली, त्यात शेजारी चोरी झाली, आणि मुलगा वेंडेल अडूनच बसला.

"आई, तुला काकडीच्या लोणच्याची बरणी उघडता येत नाही. चोर आला तर काय करशील? घर विकू. वृद्धाश्रमात छान खोली बघितलीय."

"चोर काय लोणचं मागायला येणार आहे?"

शेवटी ठरलं. शनिवारी बंदुकीच्या दुकानामागच्या मैदानात बाईंनी एकटीनं पिस्तूल भरून नेम साधायचा. जमलं तर घर, नाहीतर खोली.

त्याआधी बाई पिस्तूल घ्यायला गेल्या, तेव्हा दुकानदार हर्शेलनं 'खास आजींसाठी' म्हणून गुलाबी, पिसासारखं हलकं पिस्तूल काढलं. बाईंनी एकच गोळी झाडली. ते असं उसळलं की चष्मा हनुवटीवर आला.

"हर्शेल, हे आजीसाठी आहे की आजीवर?"

"चुकलंच, ऑर्फाबाई," म्हणत त्यानं दुसरं काढलं. जरा जड, त्यामुळे कमी उसळणारं. गोळी भरायला खेचाखेची नाही, बाजूचा खटका दाबला की नळीचं मागचं टोक वर येतं, गोळी ठेवायची, नळी दाबून बसवायची.

शनिवारी अर्धं गाव 'सहज' जमलं. पार्लरातल्या बायका तर घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या. बाईंनी खटका दाबला. अंगठा घसरला. पुन्हा घसरला. वेंडेल पुढे सरकला.

"मागे हो! अजून घर माझं आहे."

बाईंनी अंगठ्याचा नाद सोडला. बिस्किटांचं पीठ रेटतात तसा तळहाताचा गादीचा भाग खटक्यावर रेटला. नळी टुणकन वर! गोळी आत, नळी खाली, श्वास रोखून नेम. कागदी चोराच्या छातीत भोक पडलं. खुर्च्यांवरच्या बायकांनी असा गलका केला की हर्शेलचा कुत्रा गाडीखाली शिरला. वेंडेलनं टोपी काढली.

घरी जेवताना बाईंनी बरणी त्याच्यापुढे सरकवली. "उघड. पिस्तूलवाल्याला म्हाताऱ्या बोटांची कदर आहे, लोणचंवाल्याला नाही."

वेंडेलनं बरणी उघडली. जाताना झाकण अगदी सैल लावून ठेवलं, आणि खोलीचं नाव पुन्हा काढलं नाही.