सासूबाईंचं फडकं

कारखान्यात तिला सगळे सासूबाई म्हणत. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे सून असण्याचा प्रश्नच नव्हता. पण प्रवासी बॅगांच्या त्या कारखान्यात तयार होणारी प्रत्येक नवी बॅग आधी तिच्या खोलीत यायची, आणि ती त्या बॅगेकडे अशा नजरेने बघायची की खाष्टातली खाष्ट सासूही लाजावी. चाकं कुरकुरतात का, हँडल डुगडुगतं का, कुलूप पहिल्या झटक्याला लागतं की तीनदा मिनतवाऱ्या कराव्या लागतात. एकोणीस वर्षं तिने हेच केलं. तिने सही केली की बाकीचे डोळे झाकून माल पाठवत, आणि सही नाही केली तर कोणी वाद घालायला येत नसे. एकदोघे आले होते सुरुवातीला. हात हलवत परत गेले.

खोलीच्या एका बाजूला काचेची भिंत होती आणि आत यंत्रं होती. एक यंत्र दिवसभर हँडल ओढायचं आणि आत ढकलायचं, एकाच्या खडबडीत पट्ट्यावर भरलेली बॅग तासन्‌तास चालायची. पण सासूबाईंचा यंत्रांवर अर्धाच विश्वास. उरलेली अर्धी परीक्षा ती स्वतः घ्यायची. जमिनीवर खडूने दोन रेषा आखलेल्या होत्या, म्हणजे हॉटेलातली पलंग आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी जागा. बॅग तेवढ्यात सपाट उघडली पाहिजे. विमानातल्या कप्प्याच्या उंचीवर एक फळी ठोकलेली होती. भरलेली बॅग तिथे एका हाताने चढली पाहिजे, कारण सतत फिरणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या हातात फोन असतोच. आणि शेवटी डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकायचा. विमानात ती स्वतः एकदाच बसली होती, कारखान्याने प्रदर्शनाला पाठवलं होतं तेव्हा. खिडकीतून ढग बघायचे सोडून बाई तीन तास मान वर करून लोकांच्या बॅगा बघत होती. घरी आली ती मान धरूनच.

यंदाची बॅग मात्र साधी नव्हती. इतकी महागडी बॅग कारखान्याने आजवर केलीच नव्हती. पातळ, टणक, आरशासारखं चकचकीत कवच, चेनऐवजी धातूची चौकट आणि दोन खटके, हँडलला खरं चामडं. महिन्यातले वीस दिवस विमानतळावर काढणाऱ्या लोकांसाठी. वजन तीन किलोच्या आत हवं, असं मोठ्या साहेबांनी निक्षून सांगितलं होतं. या बॅगेचा साचा केला होता तिच्या सख्ख्या दादाने.

बहीणभाऊ एकाच कारखान्यात, एकाच घरात. भाऊ घडवतो आणि बहीण तपासते, म्हणून सुरुवातीला कुजबुज झाली होती. पण तिने लागोपाठ दादाच्या तीन बॅगा नापास केल्या आणि कुजबुज बंद झाली. “सासू ती सासूच, माहेरच्यांनाही सोडत नाही,” असं लोक म्हणाले. दादाही हसला होता तेव्हा. पण दोन वर्षांपूर्वी, नमुना पास होऊन गेल्यावर, त्याच्या एका साच्यात दोष निघाला, माल बाजारातून परत आला, आणि साहेबांनी त्याला समोर उभं करून सांगितलं की आणखी एक चूक झाली तर साचे दुसऱ्याच्या हाती जातील. त्या दिवसापासून दादा हसायचा कमी झाला. छप्पन्न वर्षांचा माणूस, दुसरं काही येत नाही, गुडघा सुजलेला. या एका बॅगेवर त्याने सगळा जीव लावला होता. ही बॅग टिकली तर दादा टिकणार होता, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण तिघांनाही ठाऊक होतं. तिसरी म्हणजे वहिनी.

सोमवारी शेवटची परीक्षा झाली. ही परीक्षा थंडीची. बर्फाळ देशांत विमानात जागा उरली नाही की हातातली बॅगही दारातच काढून घेतात आणि ती खाली गोठलेल्या जमिनीवर पडून राहते. म्हणून बॅग चार तास मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवायची, बाहेर काढायची आणि लगेच, एका मिनिटाच्या आत, चाकाच्या कोपऱ्यावर आपटायची. दहा वेळा. सोमवारी बॅगेने दहाही आपट्या हसत झेलल्या. सासूबाईंनी सही केली. दादाने घरी येऊन वहिनीला म्हटलं, “झालं बुवा एकदाचं,” आणि त्या रात्री तो गाढ झोपला.

बुधवारी सकाळी दादाच्या गुडघ्याला लावायला बर्फ हवा होता. तिने फ्रीजमधून बर्फाचा प्लॅस्टिकचा साचा काढला आणि ओट्यावर आपटायला हात उचलला, तेवढ्यात वहिनी ओरडली.

“अहो वन्सं, आपटू नका लगेच! मागचा असाच तडकला. दोन मिनिटं बाहेर राहू द्या, फडक्याने पुसून घ्या, मग खुशाल आपटा.”

तिचा हात तसाच वर राहिला.

सोमवारी फ्रीजरमधून बॅग काढली तेव्हा त्या चकचकीत कवचावर बर्फाची साय धरली होती. तिने खुंटीवरचं मऊ फडकं घेतलं आणि बॅग पुसली. वरून, खालून, चारही कोपरे, निगुतीने. हात घसरेल म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पण एकोणीस वर्षांत तिने एकही बॅग पुसली नव्हती. आणि घड्याळ तिने दार उघडताना लावलं नाही, पुसून झाल्यावर लावलं. दोन मिनिटं तरी गेली असतील. कदाचित तीन.

“वन्सं, काय झालं? चेहरा का असा?”

“काही नाही,” ती म्हणाली. बर्फाचा साचा तिने इतका हळू खाली ठेवला की वहिनी बघतच राहिली.

कारखान्याच्या बसमध्ये दादा शेजारीच बसला होता. आज दुपारी दोनला पहिला माल निघणार होता. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला नवं पेन लावलं होतं. ती तोंड उघडायची आणि मिटायची. चौदा थांबे गेले, एक शब्द फुटला नाही. सांगायचं तरी काय? की मी तुझ्या बॅगेचे लाड केले? तिला स्वतःचा भयंकर राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

आल्याबरोबर ती थेट गोदामात गेली, खोक्यांतली एक बॅग काढून घेतली आणि साडेसातला फ्रीजरमध्ये ठेवली. साडेअकरापर्यंत थांबायचं होतं. त्या चार तासांत तिने यंत्रांना तेल घातलं, घातलेलं तेल पुन्हा घातलं, खडूच्या रेषा पुसून परत आखल्या. साडेनऊला बाहेर ट्रक लागल्याचा आवाज आला. दहाला मोठे साहेब आले.

“सासूबाई, फ्रीजर का चालू आहे?”

“बॅग आहे आत. नवीच. पुन्हा बघतेय.”

“अहो, सोमवारी सही केलीत ना?”

“केली. ती चुकीची असू शकते.”

साहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “ट्रक उभे आहेत. तिकडे दुकानांना तारीख दिलीये. झालं ते झालं. तुमच्या सहीवर आजवर कोणी बोट ठेवलंय का? कोणाला कळणारही नाही.”

“कोणी ठेवलं नाही म्हणूनच,” ती म्हणाली. साहेबांनी दार उघडलं आणि म्हणाले, “साडेअकराला मी येतो. आणि तुमच्या दादांनाही घेऊन येतो.”

हे मात्र तिला नको होतं.

साडेअकराला खोलीत तिघंच होती. दादा दाराशी, सुजलेला पाय जरा पुढे टाकून. तिने या वेळी आधी घड्याळ लावलं, मग फ्रीजरचं दार उघडलं. बॅग पांढरी पडली होती. थंडी तिच्या बोटांतून मनगटापर्यंत चढली. खुंटीवर फडकं होतं, हाताच्या अंतरावर. तिने तिकडे बघितलंही नाही.

पहिली आपटी. चाक उडालं, जागेवर आलं. कवच शाबूत. दुसरी. तिसरी. साहेबांनी सुस्कारा सोडला. तिला वाटलं, देवा, राहू दे एवढी. चौथ्या आपटीला आवाज आला, फार मोठा नाही, सुपारी फुटते तेवढाच. चाकाच्या वर बोटभर लांबीची रेघ उमटली होती.

साहेब वळले आणि ट्रक थांबवायला निघून गेले. ती खाली बसून त्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिली. दादा लंगडत जवळ आला.

“सोमवारी मी त्या काचेपलीकडे उभा होतो,” तो म्हणाला. “तू पुसत होतीस तेव्हा.”

तिला आधी कळेचना. मग कळलं.

“तू बघितलंस? आणि बोलला नाहीस?”

“वजन बसेना म्हणून मी कोपरा पातळ केला होता. थंडीत दगा देईल अशी शंका होती मला. तू फडकं घेतलंस आणि मी म्हटलं, पुसतेय तर पुसू दे.”

“माझी सही होती दादा ती!” ती ओरडली. आयुष्यात ती त्याच्यावर असं ओरडली नव्हती. “कोणाच्या डोक्यावरच्या कप्प्यात फुटकी बॅग गेली असती, आणि खाली माझं नाव असतं. तुझं नाही, माझं!”

दादाची मान खाली गेली. त्या क्षणी तिला त्याची कीव आली नाही. ती पुढे बरेच दिवस आली नाही.

तिने अहवालाचा कागद ओढला आणि लिहिलं: सोमवारची परीक्षा रद्द. कारण, तपासणाऱ्या बाईने आपटण्याआधी बॅग पुसली. खाली सही केली. दादाने खिशातलं नवं पेन काढलं, त्याच कागदावर लिहिलं: कोपरा पातळ आहे हे साचेवाल्याला माहीत होतं. आणि त्यानेही सही केली. सासूबाईंना लेखी समज मिळाली, एकोणीस वर्षांत पहिलीच. दादाला पंधरा दिवस मिळाले. नवा कोपरा, तेच वजन. नाही जमलं तर साचे दुसऱ्याकडे.

ते पंधरा दिवस घरात दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. बसमध्ये शेजारी बसत, एक डावीकडे बघे, दुसरा उजवीकडे. वहिनीची मधल्यामध्ये गळचेपी झाली. ती बिचारी भांड्यांशी बोलायला लागली. “काय रे झाऱ्या, या घरात माणसांना तोंडं आहेत की नाही?” असं म्हणायची आणि कानोसा घ्यायची. लेकी बोले सुने लागे, पण इथे लागून घ्यायला कोणी तयार नव्हतं. दादा काळोख पडल्यावर घरी यायचा, जेवायचा, आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने कोपरे काढत बसायचा. ती भांडी आवरताना ते कोपरे चोरून बघायची. चाकापाशी जाड, आणि तेवढं वजन मागच्या पाठीतून कमी केलेलं. बरोबर वाटत होतं. पण बरोबर वाटण्याला तिच्या खोलीत किंमत नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पंधराव्या दिवशी दादा स्वतः बॅग घेऊन आला. तिने वजन केलं, तीन किलोला थोडं कमीच. विमानात चालणाऱ्या मापाच्या सांगाड्यात घातली, गेली. फळीवर चढवली, चढली. मग चार तास फ्रीजर. साहेब घड्याळ घेऊन उभे राहिले. समज मिळाल्यापासून तिच्यावर तशी नजर असायची, आणि ती निमूट सोसायची.

तिने फ्रीजरच्या दाराला हात घातला, तेवढ्यात दादा पुढे आला. त्याने खुंटीवरचं फडकं काढलं, घडी केली आणि आपल्या खिशात घातलं.

“हं. आता काढ,” तो म्हणाला. पंधरा दिवसांतले पहिले शब्द.

मग तो काचेपलीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

तिने बॅग काढली. एक. दोन. तीन. चौथ्या वेळीही तिने उंची बोटभरसुद्धा कमी केली नाही. पाच. सहा. सातव्याला चाक कण्हलं. आठ. नऊ. दहा. बर्फ अजून तसाच होता. तिने नखाने तो खरवडला, कोपऱ्याला नाक लावलं, भिंग धरलं. रेघ नव्हती. तरी तिने अकरावी आपटी दिली. ही नियमात नव्हती. भाऊ होता म्हणून दिली.

काचेवर तिने टकटक केलं. दादा वळेना.

“अरे वळ की! टिकली!”

तो वळला, आत आला आणि गुडघ्याची पर्वा न करता खाली बसला. खिशातलं फडकं काढून बॅग पुसायला लागला. बर्फ वितळून त्याच्या बाहीवर ओघळत होता, आणि त्याचे डोळेही. तिने दोन मिनिटं त्याला पुसू दिलं.

“कोपरे नीट पूस,” ती म्हणाली, आणि सही करायला त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं.