भावजींचं स्वातंत्र्य

भावजींना, म्हणजे माझ्या दिराला, कुणी अडवलेलं चालत नाही. मी अडवलं तर निदान उत्तर तरी देतात. लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्रासाठी तयार करणाऱ्या कंपायलरने अडवलं की शिव्याच देतात.

कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसचे कंट्रोल बोर्ड बनतात. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, एवढंच बोर्डाचं काम. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात नसतात. त्यातला प्रोग्राम भावजी सी भाषेत लिहीत. मेमरीतल्या कुठल्याही जागेत हात घाला, सी म्हणते घाला. म्हणूनच ती त्यांची लाडकी.

एकदा चाचणीत बटणांना कुणी शिवलंही नसताना प्रेस खाली आली. साच्यात फळी होती, तिचे तुकडे झाले. कारण मी शोधलं. प्रोग्रामच्या एका भागाने मेमरीतली जागा सोडून दिली होती, आणि दुसरा भाग तिथे अजून बटणांचीच माहिती आहे असं समजून वाचत होता. मी म्हटलं, रस्ट भाषेत लिहू. असली चूक दिसली तर तिचा कंपायलर प्रोग्राम तयारच करून देत नाही.

"वैनी, तुमी वाईच्या," ते म्हणाले. "आमाला एवढं सोवळं न्हाई जमत."

फळीचे तुकडे त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले, तेव्हा कुठे कबूल झाले.

दरम्यान आम्ही गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नव्या बोर्डासाठी माप घ्यायला गेलो. तिथल्या प्रेसवर जतकडची एक बाई असते. तिने डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून टाकलं होतं. डावा हात मोकळा राहतो, काम भराभर उरकतं. तिथे सगळेच हे करतात. भावजींनी तिला सगळ्यांदेखत झापलं. हात गेल्यावर काय करशील, अक्कल गहाण टाकलीस का, असं बरंच. पट्टी स्वतः कापली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शेडवर येऊन मी त्यांचा नवा प्रोग्राम उघडला. रस्टमध्ये अनसेफ असा एक शब्द आहे. तो लिहून पुढे कंस केला की आतल्या काही गोष्टी कंपायलर तपासत नाही, जबाबदारी लिहिणाऱ्याची. अडलं तर चार ओळींपुरता वापरायचा. भावजींनी बटणं वाचणारा सगळाच भाग त्या कंसात कोंबला होता. जुनाच प्रोग्राम, ओळीला ओळ. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

मी कडाडून भांडले. ते म्हणाले, भाषेनेच मुभा दिलीय, मग तुमचं काय दुखतं? इतकी वर्षं लिहितोय, माझ्या कामाची मला खात्री आहे.

"मग घाला हात साच्यात," मी म्हणाले. "मी प्रेस चालू करते, बटणांना कुणी शिवणार नाही."

त्यांनी घड्याळ काढलं, बाही वर केली. मी प्रेस चालू केली. हात साच्याच्या तोंडापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मग खिशात गेला. लय शाणपणा झाला म्हणाले आणि चहाला निघून गेले.

बोर्ड तोच गेला. बसवू नका, म्हणून मी गिऱ्हाइकाला फोन केला. तो हसला. दीर-भावजयीचं भांडण घरात मिटवा म्हणाला. माझ्या नवऱ्याचंही तेच मत. प्रोग्रामात चूक आहे हे कुणी ऐकूनच घेईना; सगळ्यांना त्यात फक्त आमच्या घरातली धुसफूस दिसली.

शेवटी चहाच्या टपरीवर त्या बाईलाच गाठलं. बोर्डावर विसंबू नकोस म्हटलं. ज्याने बनवला त्याने स्वतःचा हात आत घातला नाही, हेही सांगितलं.

"तुमचं घरात पटत न्हाई, ते समद्यांस्नी ठावं हाय, ताई," ती म्हणाली. "पर माज्या हातासाठी माज्यावर वरडलं कोन? सायेबच न्हवं?"

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. तिने ग्लास विसळून ठेवला आणि ती पाळीवर गेली.