पेट्यांभोवतीचे फेरे

भीमपूरच्या नागोरावाला बैल आणि आभाळ या दोन गोष्टी चांगल्या कळत. बैलानं कान पाडला की काय दुखतंय ते हा सांगे, आणि ढग नुसते दिसले की कापूस झाकायचा की नाही ते ठरवी. माणसांचं मात्र त्याला पहिल्यापासून जड जाई. त्यात ही माणसं समुद्रापलीकडची निघाली, मग तर विचारूच नका.

मिशनचा पाद्री, दोन गोऱ्या मिसबाया आणि नगरकडची सोजरबाई असा लवाजमा हिवाळ्यात गावोगाव फिरायला निघाला होता. सोजरबाई ख्रिस्ती झालेली, पण बोलणं आपलंच. गावच्या बायकांशी बोलायला तिला आणलेली. तंबू आणि पेट्या न्यायला नागोरावाची गाडी ठरली. पण हे कानावर येताच चंपतराव घरी हजर झाला. हा त्याचा होणारा व्याही. नागोरावाची मुलगी बयना त्याच्या मुलाला दिलेली, कुंकूही लागलेलं. ओसरीवर न टेकताच तो बोलला.

"इवाई, गाडी हाका, आमचं काई म्हननं नाई. पन त्याइच्या प्रार्थनेत बसले, तर सोयरीक मोडली समजा."

नागोरावानं बेलभंडार उचलून शब्द दिला. खरं तर त्याला काळजी दुसरीच होती. लहानपणच्या तापात बयनाचा डावा कान गेला होता, आणि हे चंपतरावाला सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे काय, धीरच झाला नव्हता. आज सांगू, उद्या सांगू करता करता कुंकू लागलं. आता तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

तर प्रार्थनेत बसायचं नाही, एवढं पक्कं. पण प्रार्थना ओळखायची कशी? इथंच घोडं पेंड खायला लागलं.

भैंसा गावाच्या वाटेवर एका आमराईत तंबू लागले आणि काम अडलं. निजामाच्या राज्यात तहसीलच्या परवान्याशिवाय चार माणसं जमवून बोलता येत नसे. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर. ते येईपर्यंत पाद्रीबुवानं तोंड मिटून बसायचं. आता ही मंडळी आपल्यासारखी थोडीच, की सावली दिसली आणि ताणून दिली! रिकामं बसलं की त्यांना करमेनासं होई.

सकाळी सगळ्यांनी गुडघे टेकून डोळे मिटले. ही प्रार्थना, म्हणून नागोराव बैल घेऊन ओढ्यावर गेला. परत येतो तर मंडळी पुन्हा गुडघ्यांवरच, पण डोळे उघडे आणि पाद्री टिचकीनं चिंचोके उडवतोय. दुपारी गाणं सुरू झालं म्हणून हा पुन्हा उठला, तर मिसबाया गात गात पाद्रीच्या टोपीत लांबून आवळे टाकत होत्या. भजन म्हणावं तर खिदळतात, खेळ म्हणावा तर मधेच प्रभूचं नाव घेतात. नागोरावाचं डोकं भणभणायला लागलं. ओढ्यावर जाऊन जाऊन बैलसुद्धा कंटाळले.

मग एका दुपारी कहरच झाला. पेट्या गोलात मांडल्या. थोरली मिस तोंडाचा बाजा वाजवू लागली आणि पाद्री, धाकटी मिस, सोजरबाई, स्वयंपाकी असे सगळे पेट्यांभोवती फेरे घालू लागले. धर्मग्रंथांच्या पेट्या, वर वाजप, भोवती फेरे! ही तर प्रदक्षिणाच. एवढी मोठी पूजा त्यानं अजून पाहिली नव्हती. तेवढ्यात बाजा थांबला आणि सगळे धडाधड त्या पेट्यांवरच बसले. देवावर बसतात? स्वयंपाक्याला जागा मिळाली नाही, तर तोही हसतोय! पाद्रीनं हाक मारली, "नागोराव, तुम्ही पण या!" नागोराव जो पळाला तो थेट कडब्याच्या गंजीआड.

सोजरबाई शोधत आली. "दादा, पळालात कशाला?"

"काऊन म्हंजे? तुमी देवाच्या पेट्याइले फेरे घालून राह्यले."

सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. "अहो, खेळ होता तो! बाजा थांबला की बसायचं, जागा न मिळेल तो बाद."

"अन् ग्रंथावर बसले, थे काय व्हतं?"

"त्या पेट्या औषधांच्या. माणसं घरापासून किती लांब आलीत दादा, मन रमवायला नको?"

नागोरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारी माणसं खेळायला बोलावतात आणि आपण तोंड लपवतो! त्यानं मनाशी खूणगाठ बांधली: गोल केला की खेळ.

दिवेलागणीला शेकोटीभोवती गोल झाला. एक गुळगुळीत गोटा हातोहात फिरू लागला. नागोराव आपणहून जाऊन बसला. ज्याच्या हाती गोटा त्यानं बोलायचं, असा डाव दिसत होता. पाद्री म्हणाला, तहसीलदारसाहेबांचं मन वळो. धाकटी मिस अडखळत म्हणाली, दूर तिच्या आईचे गुडघे दुखतात, तिला आराम पडो. म्हणजे मनातलं बोलायचा खेळ, नागोरावानं ताडलं. गोटा त्याच्या हातात आला. चार हातांतून फिरून तो ऊबदार झाला होता. आणि या भल्या माणसाला खोटं काही सुचेचना.

"माया बयनाले डाव्या कानानं आयकू येत नाई," तो म्हणाला. "सांगाचं राह्यलं. सासरी दोनदा हाक मारा लागली तं कोनी तिच्यावर चिडू नये. येवढंच."

सगळ्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आमेन."

हा शब्द तेवढा नागोरावाला पक्का ठाऊक होता. गोटा हातातून गळून पडला. तेवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं. भैंशाला कापूस घेऊन निघालेला चंपतराव चिलमीसाठी विस्तव मागायला आला होता. कधीपासून उभा होता देव जाणे.

त्यानं नागोरावाला बाजूला घेतलं. "इवाई, हे काय व्हतं? खेळ का प्रार्थना?"

खेळ म्हटलं असतं तर सगळंच निभावलं असतं. शब्दही मोडला नसता, आणि कानाचं बोलणंही खेळातलं म्हणून खपलं असतं. नागोरावाला तेवढं कळत होतं.

"मले नाई समजलं," तो म्हणाला. "खेळ समजूनच बसलो व्हतो. पन बोललो थे खरं हाय."

चंपतरावानं चिलमीत तंबाखू दाबली. चिलीम हातात तशीच थंड.

"डावा म्हंता?"

"डावा."

"आमच्या घरी सून चुलीपाशी बसली का डावा कानच दाराकडं येते," चंपतराव म्हणाला. त्यानं शेकोटीतला निखारा चिलमीवर ठेवला. "लग्नाच्या आधी चूल फिरवून घ्या लागन."