बाबांच्या कोटातला बडगा

सट्ट्यात हरलेल्या माणसाची कीव करायला कोणी ना कोणी सापडतं. जिंकूनही पैसे न मिळालेल्याची कीव कोण करणार? तो पोलिसात गेला तर आधी तोच आत जायचा. माझ्या वडिलांचं नेमकं हेच झालं, आणि तेही ताईचं लग्न ठरलेलं असताना.

बाबा नागपूरच्या इतवारी बाजारात एका कापडाच्या दुकानात मुनीम होते. मालकाच्या पै-पैचा हिशेब चोख, आणि स्वतःचा पगार मात्र आमच्या महाल भागातल्या एका पानठेल्यावर. तो ठेलेवाला पानाच्या आडून सट्टापट्टी घ्यायचा, म्हणजे मटक्याचे आकडे लिहून घ्यायचा. आईच्या सोन्याच्या पाटल्या ताईला लग्नात घालायच्या होत्या, तिच्या सासरी तसा शब्दही दिला होता. त्याच पाटल्या बाबांनी गुपचूप सराफाकडे गहाण टाकल्या आणि ते पैसे थोडे थोडे आकड्यांवर लावत गेले. अक्कल त्याआधीच गहाण पडली असावी. शेवटी हातात उरलेल्या पैशांवर त्यांचा आकडा लागला. पाटल्या सुटून मांडवाचाही खर्च निघाला असता.

ठेलेवाल्यानं सरळ हात वर केले. "मुनीमजी, तुमची पट्टी वर पोचलीच नाही. मंग मले काहून मागता?"

दुसऱ्या दिवशी बाबा मला सोबत घेऊन गेले. मी मॅट्रिकला होते. पोरगी सोबत असली की समोरचा तोंड सांभाळून बोलेल, असा त्यांचा अंदाज. ठेलेवाल्यानं तोंड सांभाळलंच. मला मीठा पान दिलं, गोड हसला आणि बाबांना म्हणाला, "जा न पोलिसात. मी बी येतो संगं." ते पान मी नालीत फेकलं.

घरी येताना बाबांनी मला पाटल्यांचं सगळं सांगून टाकलं आणि वर म्हणाले, "आईले सांगू नको वं." स्वतःचं ओझं हलकं करून मोकळे झाले! आई रोज ताईच्या रुखवताच्या गोष्टी काढायची आणि मी ताटावरून उठून जायची. मला बाबांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचा उतरलेला चेहरा पाहून रडूही येत होतं.

मग पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. तिच्या त्या अवाढव्य पुतळ्याबरोबर गावाची इडा-पिडा बाहेर जाते, असं आम्ही मानतो. तिच्या मागून बडगे निघतात. त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा करायचा, नाचवायचा आणि शेवटी जाळायचा. आमच्या गल्लीतली पोरंही दरवर्षी एक बडगा करायची. बाबा त्यांच्याकडे गेले. पोरांचं रक्त तापावं म्हणून त्यांनी पाटल्यांसकट सगळी कहाणी सांगितली आणि ठेलेवाल्याचा बडगा काढा म्हणाले.

"काका, तुमी फिकर करू नका. पूरा महाल पाहीन असा काढतो," पोरं म्हणाली.

बाबांनी ठेलेवाल्याला निरोप धाडला, पैसे दे, नाहीतर तुझा बडगा निघतो. तो घाबरून पैसे आणून देईल याची त्यांना खात्री होती. त्या रात्री ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

पोरं बडग्यासाठी जुने कपडे मागत दारोदार फिरली. घरातलं काही जुनं बडग्याच्या अंगावर गेलं की घरातली पीडाही त्याच्याबरोबर जाते, म्हणून बायका हौसेनं देतात. बाबा दुकानात होते. आईनं त्यांचा जुना काळा कोट काढून दिला. "लई दिवसांपासून तुमच्या काकांच्या मांगं काहीतरी लागलं हाय. जाऊ दे एकडाव," असं ती पोरांना म्हणाली.

मारबतीच्या दिवशी आम्ही सगळे ओट्यावर उभे होतो. ढोल वाजवत गल्लीतला बडगा आला. अंगात काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल. गळ्यातल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'पोरीच्या पाटल्या सट्ट्यात लावणारा मुनीम'. मागून ठेलेवाला गुलाल उधळत चालला होता. बाबांचा निरोप मिळताच तो तडक पोरांकडे गेला होता आणि त्यानं गल्लीत कोणी दिली नसेल एवढी वर्गणी दिली होती.

आईनं आधी कोट ओळखला. कोपराचं ठिगळ तिच्याच हातचं होतं. मग तिनं पुठ्ठा वाचला आणि बाबांकडे वळून विचारलं, "खरं हाय का हे?"

"इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आमच्या दारासमोर पोरं ओरडत होती. दरवर्षी आईचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. त्या दिवशी तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

बाबा अनवाणी ओट्यावरून खाली उतरले. मला वाटलं, ते पुठ्ठा फाडतील, निदान ठेलेवाल्याची गचांडी तरी धरतील. त्यांनी स्वतःच्याच कोटापुढे हात जोडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "घेऊन जा गे मारबत."

पोरांचा ढोल अडखळला. मागच्या गर्दीनं रेटा दिला, तशी पोरं खाली मान घालून पुढे सरकली.

ताई खाली गेली. "बाबा, घरात चला. लोकं पाहून राहिले," म्हणत तिनं त्यांचा हात धरला. तिच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. दिवाळीनंतर ती तशाच बांगड्यांवर बोहल्यावर चढली.